शेऱ्याचा रकाना

माळवाडीच्या शाळेत, सातवी ब च्या फळ्यावर
शनिवारचा सुविचार अजून तसाच आहे,
त्याच्याखाली माझ्या अक्षरात:
आयर्विन पूल, पहाटे पाच, बावन्न फूट दोन इंच.

माझ्याकडे रजिस्टर.
अनुक्रमांक, नाव, वय, गल्ली, शेरा.
शेऱ्याचा रकाना छापणाऱ्यानं दोन बोटं ठेवलाय.
त्याला कुठं माहीत,
माणसं सगळी तिथंच मावायला बघतात.

माणसं काहिलीतून आली.
धनपाल चौगुल्यांच्या गुऱ्हाळाची काहील,
फळीनं वल्हवत यल्लाप्पा कोळी,
आत सात जण, एक शेळी,
आणि त्या मैलाच्या पाण्यावरही
काठाला चिकटलेल्या गुळाचा वास.

पहिल्या दिवशी मी लिहीत गेले: सुखरूप.
तिसऱ्या दिवशी सुखरूपच्या पुढं: ताप.

शमशाद मुलाणी, आमची आशाताई,
वर्गावर्गातून फिरते गोळ्या घेऊन.
"उंदराच्या मुताचा ताप हाय, थट्टा न्हवं.
गिळा माझ्यासमोर. आता जीभ दाखवा."
पोरांनी त्याचा खेळ केला,
दिवसभर एकमेकांना जीभ दाखवतात.
म्हातारे गोळी गालात धरतात
आणि ती वळली की खिडकीतून नदीला देतात.

मदत येते.
रात्री दोनला ट्रक येतो, कुणीतरी कपाट रिकामं केलेलं:
जरीचे शालू, एका पायाचे बूट,
चौथ्यांदा तीच बिस्किटं.
मी फोनवर सांगते, मेडिक्लोर पाठवा, पॅड पाठवा,
एक माणूस पाठवा संडासची टाकी उपसणारा.
पलीकडून आवाज: मॅडम, मागणी नोंदवली.
त्यांचंही रजिस्टर असणार,
त्यातही शेऱ्याचा रकाना दोन बोटांचा.

साखरेचे पेशंट चौदा, इन्सुलिन आलं, फ्रीज कुठला?
डेअरीचे सेक्रेटरी आदगोंडा मगदूम म्हणाले,
"कूलरला जनरेटर हाय.
दूध कोण घालतंय आता? म्हशी माळाला गेल्या.
ठेवा की तुमची औषधं."
दुधाच्या थंडगार टाकीत
स्टीलच्या किटलीत टांगल्या चौदा जणांच्या बाटल्या.
सकाळ-संध्याकाळ, सवयीनं,
मगदूम वहीत लिहितात: जमा, निरंक.

चौथ्या रात्री पलूसच्या शिबिराशी याद्या जुळवत होते.
तिकडचे भाऊसाहेब नाव वाचायचे, मी आपली यादी बघायची.
रत्नाबाई अक्काप्पा सनदी, वय अडुसष्ट.
थांबा, म्हटलं, ही आमच्याकडं आहे.
ते म्हणाले, कसं शक्य आहे, आमच्याकडं दोन वेळा जेवलीय.

लेकानं तिकडं रेशन कार्ड पुढं केलं होतं,
सुनेनं इकडं झेरॉक्स.
त्याला वाटलं, आई हिच्याबरोबर.
हिला वाटलं, सासू त्याच्याबरोबर.
दोन्हीकडं तिच्या नावचं ताट वाढलं गेलं,
दोन्हीकडं तिच्यापुढं माझ्यासारख्याच कुणाच्या तरी हातचं
सुखरूप.

मी टॉर्च घेऊन चादरीचादरीवर वाकले.
तोंडं उघडी टाकून झोपलेली गावं.
ती नव्हती.

यल्लाप्पा उठला. काही विचारलं नाही,
फक्त म्हणाला, "कुठली गल्ली?"
हा रकाना तेवढा बरोबर भरलेला होता.

पहाटे तिला माळ्यावरून उतरवली.
शिलाई मशीन आधी वर चढवलेलं, मग स्वतः.
अंग तव्यासारखं.
काहिलीतून उतरताना शमशादवरच ओरडली,
"चार दिस कुणाला वाटलं न्हाई व्हय गं?"
मग आपणच जीभ बाहेर काढली, गोळीसाठी,
पोरांकडून तिला कुणी सांगितलेलंही नसताना.

दुपारी सलाइन चालू असताना मला बोलावलं.
"दोन ठिकाणी नाव हाय म्हणं माझं.
एक खोड की.
माझं कशाला दोनदा खाणं लिहितीस."

पेन उघडून बसले आहे.
पलूसचा फोन लागत नाही.
पुलाचं पाणी एकावन्न फूट नऊ इंच,
फळ्यावर पाच इंचांनी पुसून घेतलं.
तिच्या ओळीतला सुखरूप खोडला,
पुढं काय लिहायचं ते
दोन बोटांत बसत नाही.